निखाऱ्यांपाशी अडलेला खेळ

छापखान्यातून आमच्या युनियनच्या पत्रकांचा गठ्ठा उचलायला मी बेंगळुरातल्या शिवाजीनगरला गेले होते. एप्रिलमधली शनिवारची दुपार. जिन्यापाशी एक पोस्टर चिकटवलेलं: वरच्या मजल्यावर जुन्या कॉम्प्युटर गेम्सचं प्रदर्शन, दोन दिवस, हात लावून खेळायची मुभा. पोस्टरवर सहा मुलगे पडद्याकडे बघून दात काढत होते. मुलगी एकही नाही. मी वर गेले ती तेवढ्यासाठीच. जाब विचारायला.

जाब राहिलाच. दारात चपला काढायची पाटी होती, काढल्या, आत शिरले, आणि अगदी शेवटच्या टेबलावरच्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी दिसल्या. कोरड्या नदीच्या पात्रात तू उभा आहेस. वरचा पूल तुटलेला आहे. लांब कुठंतरी घंटा वाजते आहे. काय करतोस?

मी ओरडले. खरंच ओरडले, दोनचार माणसं वळून बघायला लागली. त्या ओळी मला तोंडपाठ होत्या आणि मी त्या आयुष्यात कधीच वाचल्या नव्हत्या. माझी आत्या त्या म्हणायची. मला दोसा भरवताना, माझी वेणी घालताना, आजारपणात डोक्याशी बसून. इतर पोरांना राजाराणीच्या गोष्टी सांगतात, मला कोरड्या नदीचं पात्र मिळालं.

तिथूनच फोन लावला. "आत्या, कोरडी नदी! तुटलेला पूल! माझ्यासमोर आहे!"

पलीकडे कुकरची शिट्टी. मग तिचा आवाज, एकदम दबका, "कशाला हात लावू नकोस. मी आधी तिला फोन करते."

हे काय प्रकरण आहे ते सांगते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आत्या एका मोठ्या कारखान्याच्या स्टोअर्स विभागात होती, पंचविशीतली. विभागात पहिला कॉम्प्युटर आला. त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र एसी, आणि दारात चपला काढायच्या, कारण यंत्राला धूळ चालत नाही. माणसांना शेडमध्ये पंखा नव्हता, यंत्राला एसी. असो. त्या खोलीत सुट्या भागांच्या याद्या टाइप करायला दोघींना बसवलं: माझी आत्या आणि होसकोट्याहून रोज बसनं येणारी तिची मैत्रीण, जिला मी जन्मापासून अक्का म्हणते. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की आमच्या मराठीत अर्धं कन्नड मिसळलेलं आहे, आणि अक्काच्या कन्नडमध्ये आत्यामुळे अर्धी मराठी. दोघींची मिळून एक तिसरीच भाषा झाली आहे.

यंत्र बसवायला आलेल्या कुणा इंजिनिअरची एक फ्लॉपी त्या खोलीत राहून गेली. त्यात हा खेळ. आजच्यासारखं धावणं नाही, गोळ्या नाहीत. वर एक स्थिर चित्र, खाली दोन वाक्यं, आणि लुकलुकणारी एक रेघ. तुम्ही इंग्रजीत दोन शब्द टाइप करायचे: दार उघड, किल्ली घे, उत्तरेला जा. यंत्राला कळलं तर ते करतं, नाही कळलं तर तसं तोंडावर सांगतं. चुकलात की मेलात. नकाशा तुमचा तुम्ही काढायचा. सूचना मागायला कुणी नाही.

जेवणाच्या अर्ध्या तासात एकीनं डबा खायचा, दुसरीनं टाइप करायचं, दुसऱ्या दिवशी उलट. फ्लॉपीवर अक्कानं निळ्या पेननं 'टेस्ट २' लिहून ठेवलं, म्हणजे साहेबांना संशय नको. अशा कित्येक महिन्यांत त्या नदी चढल्या, जंगल ओलांडलं, होडीतून पलीकडे गेल्या, आणि एका निखाऱ्यांच्या मैदानापाशी येऊन अडकल्या. पलीकडे एक फाटक दिसतं. मधे धगधगते निखारे. पाऊल टाकलं की, तुझे पाय जळाले, तू मेलास. मग नवा कॉम्प्युटर आला, जुना गेला, त्याबरोबर फ्लॉपीही गेली, आणि ह्या दोघी निखाऱ्यांच्या अलीकडेच राहिल्या. नोकऱ्या संपल्या, निवृत्त झाल्या. आत्या दर दिवाळीला म्हणायची, "मरायच्या आत मला ते निखारे ओलांडायचे आहेत." हसत म्हणायची, पण एकही दिवाळी चुकवली नाही.

मी नेटवर किती शोधलं! नावच माहीत नाही तर शोधणार काय? त्यांच्या फ्लॉपीतला पहिला पडदा खराब होता, खेळ थेट नदीपासून सुरू व्हायचा.

तर रविवारी सकाळी अकराला आम्ही तिघी हजर. अक्का होसकोट्याच्या बसमधून उतरली ती छातीशी एक गुंडाळी धरून. तो नकाशा. ग्राफ पेपरचे आठ कागद चिकटवून केलेला, घड्यांवर पिवळा पडलेला, अर्धा कन्नडमध्ये, अर्धा मराठीत.

आयोजक तिशीतला, दाढीवाला, शर्टवर चौकोनी ठिपक्यांचा वीर. "आंटी, हा कीबोर्ड. इथे टाइप करायचं. प्रत्येकाला वीस मिनिटं हां, लाइन आहे."

"कुठाय लाइन?" मी म्हटलं. सगळी गर्दी उड्या मारणाऱ्या खेळांपाशी होती. आमच्या टेबलाशी चिटपाखरू नव्हतं.

"रूल आहे."

"रूल कुणी केला? कुणाला विचारून? ह्या दोघी तुमच्या जन्माआधी—"

"स्वल्प गप्प बस गं," आत्या म्हणाली आणि त्याच्याकडे वळली. "तुम्ही संपवलाय का हा?"

"हा? नाही. कुणीच नाही, आंटी. भंगारातून आलेला गेम आहे, नेटवरही ह्याचं उत्तर नाही. मी तर होडीतच मरतो."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "होडीत?" अक्का म्हणाली. भर चौकात रस्ता ओलांडता न येणाऱ्या माणसाला विचारावं तसं. "अय्यो, बसायच्या आधी दोर सोड की रे राजा!"

त्यानं स्वतः दोन खुर्च्या ओढून आणल्या. वीस मिनिटांचा नियम तिथंच संपला, आणि मला एक घोषणासुद्धा द्यावी लागली नाही.

खेळ सुरू झाला आणि आत्या दचकली. "हे काय! गुलाबी?" त्यांच्या ऑफिसातला पडदा काळ्यावर हिरवा. इथं आकाश निळसर, झाडं गुलाबी, नदी पांढरी. "आपली नदी हिरवी होती गं," अक्का हळहळली. मग खोक्यावरचं नाव वाचून दोघी आणखी खट्टू झाल्या. इतकी वर्षं ज्याला नाव नव्हतं त्याचं नाव इतकं साधं!

पण बोटं विसरली नव्हती. आत्या मराठीत बोलायची आणि इंग्रजीत टाइप करायची. अक्का नकाशावर बोट ठेवून हुकूम सोडायची. "उत्तर. उत्तर. आता वेलीला हात लावू नकोस, विषारी आहे." खेळ प्रत्येक मरणाला पुरुषच मारतो. मी म्हटलं, हा काय न्याय, खेळणारी बाई असू शकत नाही का? आत्या म्हणाली, "मरायला पुरुष जातोय तर जाऊ दे की."

दोन वाजता निखारे आले. पडद्यावर गुलाबी ठिपक्यांचं मैदान.

आणि मग सुरू झालं ते मी ऐकून होते, पण डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. अक्काच्या गावच्या जत्रेत लोक निखाऱ्यांवरून चालतात. तिनं लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे दोघींना निखारे कसे ओलांडायचे ह्याबद्दल तेव्हाही शंका नव्हती, आताही नव्हती. आधी अंघोळ. खेळ म्हणाला, पाणी नाही. मागं जाऊन विहिरीत अंघोळ करून आल्या. मेल्या. ओल्या कपड्यानं गेल्या. मेल्या. प्रार्थना कर. खेळ म्हणाला, तुला बरं वाटलं. गेल्या, मेल्या. उपास कर. हा शब्द मला माहीत नाही. हळद लाव. हळद म्हणजे काय ते मला माहीत नाही.

"हळद माहीत नाही!" मी उसळले. "काय लायकीचे लोक होते लिहिणारे!"

"शेवटी धावत जाऊन बघ," अक्का म्हणाली. "केंडावर, निखाऱ्यावर, रेंगाळलं की भाजतं."

धावत मेल्या.

साडेतीनला आत्यानं थकून, हातात काय काय आहे ती यादी मागितली. यंत्रानं सांगितलं: तलवार, दोर, कंदील, पाव, आरसा, किल्ली. माझ्या पायाशी काल न्यायचा राहून गेलेला पत्रकांचा गठ्ठा पडला होता. वरच्या कागदावर आम्हीच ठळक छापलेलं: पायात बूट द्या! बोम्मसंद्र्याच्या एका शेडमध्ये कंत्राटी माणसं लोखंडाच्या गरम चुऱ्यावरून साध्या चपलांनी फिरतात, त्यासाठीची ती पत्रकं. मी कागद बघितला. यादी बघितली. आणि सकाळचं आठवलं. जंगलातल्या त्या दगडी देवळापाशी आत्यानं आत जायच्या आधी, काही विचार न करता, टाइप केलं होतं: बूट काढ. खेळ म्हणाला होता: बरं. आत मूर्तीच्या हातातली किल्ली घेतली, देवळाच्या मागच्या भुयारातून बाहेर पडल्या, होडीत बसल्या. ह्या वीराच्या पायात पहिल्यापासून बूट होते! आणि ह्या दोघी पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वीही दर वेळी ते देवळाच्या पायरीशी सोडून पुढं जात होत्या. अनवाणी ह्या स्वतः त्या एसीच्या खोलीत बसलेल्या, अनवाणी त्यांचा वीर, आणि निखाऱ्यांवरून तर अनवाणीच जायचं असतं. यादीत बूट नाहीत हे दिसणार कुणाला?

माझं तोंड उघडलं असणार.

"हिला कळलं," अक्का म्हणाली.

"काही नाही कळलं."

"खोटं बोलतेय. नाक बघ तिचं."

आत्यानं माझा दंड धरला. "एक अक्षर बोललीस तर बघ! तुझ्या बापाची शपथ. मला कुणी सांगायला नकोय, तुला कळतंय का? सांगितलंस तर मी ओलांडले असं होणार नाही. जा, बाहेर बस."

"पण आत्या, तुम्ही तिथं जन्मभर—"

"बाहेर!"

कारखान्यांच्या गेटवरून मला पुष्कळदा हाकललंय. सिक्युरिटीनं, पोलिसांनी, एकदा एका एचआर बाईनं. सख्ख्या आत्यानं पहिल्यांदाच. मी दाराबाहेर चपलांच्या ढिगाशी जाऊन बसले आणि आतल्या आत उकळत होते. मला उत्तर माहीत आहे! जगात कुणालाच माहीत नसलेलं उत्तर! आणि सांगायची बंदी. माणसाला माहीत असलेलं सांगायचं नाही, हे माझ्या अंगातच नाही. आतून ऐकू येत होतं, अक्का म्हणते, "नकाशा तुझा चुकला होता तेव्हाच," आत्या म्हणते, "माझा? तू पूर्व-पश्चिम उलटी लिहायचीस!" पाचाला दहा कमी. प्रदर्शन सहाला बंद, आणि दुसऱ्या दिवशी सगळी यंत्रं मालकाच्या गोदामात.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. बाथरूम गच्चीच्या पलीकडे. डोकं खेळात, पायांकडे लक्ष नाही, चपला न घालताच ती उघड्या गच्चीवर निघाली. दिवसभर तापलेलं सिमेंट. एरवी मी ओरडले असते, हेच तर माझं काम आहे, दिवसरात्र लोकांना हेच ओरडून सांगते. पण शपथ होती. मी ओठ दाबून धरले. मला लाज वाटते आहे, पण धरले.

चार पावलं गेली. "आई गं!" करत एका पायावर नाचत परत आली, ढिगातली एक चप्पल पायानं ओढली, दुसरी ओढायला पाय उचलला, आणि तशीच थांबली. एक पाय चपलेत, एक हवेत. माझ्या खांद्याला धरून उभी.

"अगं," ती म्हणाली.

मी छताकडे बघितलं.

"अगं, बूट! देवळापाशी!"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"अय्यो देवा! बूट!" आत धावत गेली ती एका चपलेनंच. आतून अक्काची किंकाळी आली. मग आयोजकाची. बाथरूम राहिलंच.

जतन केलेला डाव उपयोगाचा नव्हता, देवळाकडे परत जायला वाट नाही. पहिल्यापासून सुरुवात, हातात एक तास. मला आत घेतलं. आणि काय सांगू! साठी ओलांडलेल्या दोन बाया, दहा बोटं, आठ कागद. अक्का वाचते, आत्या टाइप करते, वाक्य पडद्यावर उमटायच्या आत पुढचा हुकूम. उत्तर, उत्तर, दोर घे, पूर्व, कंदील. उड्यांच्या खेळांची पोरं एकेक करून आमच्या मागं जमली. दाढीवाला घड्याळ सांगत होता. पाच वीस. पाच अठ्ठावीस. देऊळ.

आत्याची बोटं थांबली.

"आत चल की!" अक्का म्हणाली.

"बूट घालून?"

"अदु बरी गेम कणे! नुसता गेम आहे गं!"

"असू दे. देवळात बूट घालून मी जाणार नाही."

मागून कुणीतरी "आंटी, प्लीज" म्हणालं. मी मोर्चांमध्ये बरेच हट्टी लोक पाहिले, असा नाही. आत्यानं बूट काढले, आणि या वेळी हातात घे असं टाइप केलं. खेळ म्हणाला, बरं, आता तुझे हात भरले. आत मूर्तीच्या हातातून किल्ली घ्यायची, तिलाही जागा हवी. एकूण सहाच वस्तू मावतात. आत्यानं यादी बघितली, एक क्षण विचार केला आणि टाइप केलं: तलवार ठेव.

"तलवार!" दाढीवाला किंचाळला. "आंटी, तलवार शेवटी लागणार! तलवार नेहमी शेवटी लागते!"

"कुठं लिहिलंय?"

बूट हातातच. आत गेली. किल्ली, भुयार, दोर सोडून होडी. पाच चाळीस. निखाऱ्यांचं मैदान. बूट घाल. बरं. उत्तरेला जा.

पडद्यावर आधी काहीच आलं नाही. फ्लॉपीची घरघर. आत्यानं अक्काचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतल्या. मग ओळ उमटली: बुटांचे तळवे धुमसत आहेत, पण तू पलीकडे पोचला आहेस.

त्या खोलीत जो आरडाओरडा झाला तो मी आमचा बोनस मंजूर झाला तेव्हाही ऐकला नव्हता. खालून छापखान्याचा माणूस वर आला, काय पडलं विचारायला. मी टेबल बडवत होते. अक्का रडत होती आणि कन्नडमध्ये कुणाला तरी शिव्या देत होती, बहुधा त्या इंजिनिअरला.

"सुम्नीरु, सुम्नीरु, गप्प बसा!" आत्या ओरडली. "फाटक राहिलंय!"

फाटकाशी पहारेकरी. आडवा भाला. आता कुणालाच काही माहीत नव्हतं, म्हणून मलाही बोलायची परवानगी मिळाली. मी म्हटलं, त्याच्याशी बोल, तोही नोकर माणूस आहे. बोलली. पहारेकरी म्हणाला, मी सकाळपासून इथं उभा आहे. दाढीवाल्यानं कपाळाला हात लावला, तलवार, तलवार. पाच बावन्न. आरसा दाखव: पहारेकरी हसत नाही. किल्ली दे: ती त्याची नाही.

"सकाळपासून उभा आहे," अक्का म्हणाली, "जेवलाय का विचार ना."

आत्यानं टाइप केलं: पाव दे.

पहारेकऱ्यानं भाला भिंतीला टेकवला आणि बसून खायला लागला. किल्लीनं फाटक उघडलं. पलीकडे चित्रात एक घंटा, आणि खाली दोन ओळी. ज्यानं हाक मारली त्याच्यापर्यंत तू पोचलास. खेळ संपला. तीनशेपैकी दोनशे पंच्याऐंशी गुण.

"ते पंधरा तलवारीचे असणार," दाढीवाला हळूच म्हणाला. "पहारेकऱ्याला मारायचे."

"ठेवा म्हणावं," आत्या म्हणाली.

तो तिच्या पाया पडायच्या बेतात होता. "आंटी, सगळं उत्तर लिहून द्या. मी नेटवर टाकतो. तुमच्या नावानं. जगात पहिलं!"

मी लगेच पेन काढलं. माहिती सगळ्यांना खुली हवी, हे मी किती पत्रकांत लिहिलंय! आत्यानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "नाही हं. कुणी लिहायचं नाही."

रिक्षात आमचं कडाकडा भांडण झालं. मी म्हटलं, हा स्वार्थ आहे, लोकांनी का म्हणून अडकून पडायचं? ती म्हणाली, "तुझ्या शेडमधल्या माणसांना बूट आजच्या आज मिळाले पाहिजेत. आणि ह्या पोरांना मी सांगितलं तर त्यांच्याकडे उरेल काय? तू त्या ढिगाशी बसली होतीस, माझं तोंड बघितलंस ना? ते त्यांना मी कसं देऊ?" मी तरी ऐकलं नाही. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "अम्मा, स्वल्प हळू." अक्का मधे बसून पोटभर हसत होती, मांडीवर नकाशा.

हे लिहू का, म्हणून मी नंतर चार वेळा विचारलं. पाचव्यांदा ती 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली. खेळाचं नाव मी इथं कुठंही दिलेलं नाही. तेवढी तिची अट होती.